हातचे दोन

ताई, तुझा फोन कापला तेव्हा मी तीन आकड्यांची बेरीज चौथ्यांदा करत होतो. रागावू नकोस. नमस्कार. गुडघ्याला आराम पडला का? भावजींनाही नमस्कार सांग (पत्र मात्र त्यांच्या हाती देऊ नकोस, महिनाभर हसतील). हे फोनवर सांगवणार नाही, म्हणून लिहितो आहे. फोटो काढून लगेच पाठवीन.

झालं असं. प्राध्यापकपदासाठी एकशे दहा गुण लागतात. माझे शोधनिबंधांचे अठ्ठेचाळीस, अध्यापनाचे सदतीस, मार्गदर्शनाचे एकोणतीस. खाली एकूण चौऱ्याण्णव लिहून मी सही ठोकली. कार्यालयातल्या बाईंनी बोटांवर मोजून एकशे चौदा काढले आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "सर, हातचे दोन कुठं ठेवलेत?" मुलं बेरजेत हातचा का विसरतात, या एका प्रश्नावर मी एकोणीस वर्षं काढली, हे तुला माहीत आहे. टेबलालाही माहीत होतं.

दुरुस्ती करता येते, पण उद्या अकराच्या आत आणि चूक का झाली ते लेखी देऊन. पुढची समिती बसेल तेव्हा मी निवृत्त झालेला असेन. बाई म्हणाल्या, "नजरचूक लिहा आणि मोकळे व्हा." मोकळा कसा होऊ? हातचा कोणी नजरचुकीनं विसरत नाही, दशक म्हणजे काय हेच न कळल्यानं विसरतो, हे मी अकरा निबंधांत सिद्ध केलं आहे. ते अठ्ठेचाळीस गुण त्याचेच. नजरचूक म्हटलं तर निबंध गेले. निबंध खरे धरले तर गणितशिक्षणाच्या या भावी प्राध्यापकाला दशक कळत नाही. दुपारभर कोऱ्या कागदासमोर बसलो. बायको म्हणाली, "चष्मा बदलून घे." (निबंध तिनं वाचलेले नाहीत, हे आज कळलं.)

असो. बाकी ठीक. गोळ्या वेळेवर घे.

ता. क. माझ्या सातव्या निबंधात तिसरी वाट आहे: दोष मुलाचा नसतो, पहिल्यांदा बेरीज शिकवणाऱ्याचा असतो. मला बेरीज तू शिकवलीस. तसं लिहू का? नाव घालणार नाही, फक्त 'थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका' एवढंच. उद्या दहाच्या आत सांग.

आणखी एक ता. क. काल हे पाठवायचं धाडस झालं नाही. आज सकाळी साडेदहाला 'नजरचूक' लिहून दिलं. बाईंनी न वाचता शिक्का मारला.