थेट विचारायचं

शनिवार, ३ ऑक्टोबर २००९

एक साधं वाक्य, आणि माझ्या तोंडून निघालं नाही!

चर्चच्या तळघरात आज आमचा वर्ग होता. आरोग्य खात्याची मोद आली होती — माझ्या शेवटच्या विद्यार्थिनींच्या वयाची पोर. तिने भिंतीवर आलेख लावला. आत्महत्यांचा. साऱ्या केबेक प्रांताची रेघ दहा वर्षांपूर्वी कड्यासारखी चढलेली, आता हळूहळू उतरतेय. आमच्या उत्तरेकडच्या आबितिबी भागाची मात्र हट्टी, उतरायला तयार नाही. "एकेका घराचं दुर्दैव म्हणून सोडून देऊ नका," मोद म्हणाली. "गोवर आला तर दारं लावून रडत बसतो का आपण? हीसुद्धा साथ समजा. रोखता येते."

म्हणून आम्ही आता गावचे राखणदार. पोस्टातली जिनेत, केस कापणारी हुगेत, मी आणि आणखी काही जण. लक्ष ठेवायचं — कोण आपल्या वस्तू वाटून टाकतंय, कोणाची झोप उडालीय, कोण एकाएकी फार शांत झालंय. मग थेट विचारायचं, तो शब्द उच्चारून. आणि विचारलं की गप्प बसायचं. उत्तर येईपर्यंत.

सरावाला माझ्यासमोर हुगेत.

"विचार की गं! का मी फारच सुखी दिसते?"

"तू… बरी आहेस ना?"

"हे नाही चालणार, मादाम," मोद मागून म्हणाली. "'बरी आहेस ना'ला सगळे 'हो'च म्हणतात."

सगळे हसले. मीही.

रविवार, ४ ऑक्टोबर

मी लहानपणी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये तो शब्दच नव्हता. माझ्या वर्गातल्या सोलांजचे वडील गेले तेव्हा नन म्हणाल्या, अपघात. संध्याकाळच्या प्रार्थनेत मृतांची नावं घेतली जात. त्यांचं नाव घेतलं गेलं नाही. सोलांज माझ्या शेजारी गुडघे टेकून होती, कान देऊन ऐकत होती. नावं संपली तरी तिने मान वर केली नाही. शयनगृहातल्या सगळ्या मुलींना कळलं होतं. एकीनेही तिला विचारलं नाही. मेण लावलेल्या फरशीचा, कांजीच्या झग्यांचा तो वास — किती आवडायचा मला! आजही आवडतो. पण त्या वासात ती वगळलेली जागाही आहे.

बुधवार, ७ ऑक्टोबर

पियानो शाळेला दिला. रोझेर आणि शाळेचा शिपाई उचलून घेऊन गेले. हा माझा धाकटा भाऊ, साठीचा झाला तरी जीभ तशीच.

"आता काय वाजवणार, मास्तरीणबाई? भांडी?"

"माझी बोटं आखडलीत. मुलांच्या कामी येईल."

भिंतीवर चौकोनी डाग उरलाय. बरं वाटलं. मोकळं.

शनिवार, १० ऑक्टोबर

रोझेर या वर्षी मूसच्या, त्या घोड्याएवढ्या हरणांच्या, शिकारीला जाणार नाही! ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाची तारीख शिकारीसाठी पुढे ढकलली, तो!

"कंटाळा आलाय गं."

होडी पुतण्याला देऊन टाकली. अकॉर्डियनसुद्धा, बाबांचा. विचारलं तर म्हणाला, "मी काय जन्मभर वाजवत बसू?" हसून. माझ्याकडे न बघता.

वस्तू वाटून टाकणं. एकाएकी शांत होणं. मोदने सांगितलेलं सगळं.

बुधवार, १४ ऑक्टोबर

पुन्हा झोप नाही. लेआंद्र गेल्यापासून पलंग फार रुंद झालाय.

शनिवार, १७ ऑक्टोबर

नॉर्मांला पुरून आलो. शाळेची बस चालवायचा. इतकी वर्षं एकाही मुलाला थंडीत ताटकळत ठेवलं नाही त्याने. आणि स्वतःच…

हुगेत माझ्या खांद्यावर रडत होती. "सोमवारी त्याचे केस कापले गं मी! राखणदार म्हणे! जाताना टिप जास्त ठेवली त्याने. मी म्हटलं, लॉटरी लागली की काय? तर म्हणतो, तसंच समज. मी हसले गं. मी हसले!"

फादरांनी त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, मोठ्याने. मला सोलांज आठवली.

रोझेर कबरीच्या काठाशी खूप वेळ उभा होता.

बुधवार, २१ ऑक्टोबर

मोदने सांगितलं होतं, आधी माणूस आणि हत्यार यांच्यात अंतर पाडा. म्हणून रोझेरकडे गेले आणि खोटं बोलले. हुगेतच्या कोंबड्यांवर कोल्हा येतोय, तुझी बंदूक दे.

"लेआंद्रची आहे की तुझ्या तळघरात."

"तिचा नेम गेलाय."

"आणि तुझा? चष्म्याशिवाय तुला मी दिसत नाही, कोल्हा कुठला!" पण दिली. गाडीत ठेवूनही दिली.

लेआंद्रच्या बंदुकीशेजारी उभी केली. तळघरात थोडा वेळ बसून राहिले. हायसं वाटलं. रोझेरसाठी — दुसरं काय?

बुधवार, २८ ऑक्टोबर

हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याच्या बरण्या घरोघर वाटल्या. या वर्षी माझ्यासाठी ठेवल्या नाहीत, एकटीला किती लागतं? स्कर्ट कमरेत सैल झालाय, पिन लावून चालवते.

मांजर हुगेतकडे सोडलं.

"थंडीपुरतंच ना?" ती म्हणाली.

"हो, हो."

टोपली परत न्यायची विसरले.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

आरशासमोर वाक्याचा सराव केला. "तू आत्महत्येचा विचार करतोस का?" पहिल्यांदा अडखळले. नंतर नीट आलं. मग नियमाप्रमाणे गप्प बसले. आरशातली बाई बघत राहिली. मीच आधी नजर वळवली.

रविवार, १ नोव्हेंबर

घड्याळं मागे केली. आता पाच वाजताच अंधार. उद्या मृतांचा दिवस. रोझेरला वाटाण्याच्या सूपला बोलावलंय. उद्या विचारणार. तो नको नॉर्मांच्या शेजारी. तो नको!

सोमवार, २ नोव्हेंबर

विचारलं. सूप वाढलं, बसले आणि विचारलं. शब्द न गाळता.

रोझेरने चमचा खाली ठेवला. त्याच्या कपाळावर आठ्या. मी गप्प. ओठ चावून गप्प.

"नाही," तो म्हणाला. "अगं वेडे, नाही! मी माँट्रियलला जातोय. लेकीकडे. ती म्हणते, बाबा, या आता. तिसऱ्या मजल्यावर राहते ती, तिथे होडी काय खिडकीला बांधू? अकॉर्डियन वाजवला तर शेजारी पोलीस बोलावतील!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तू इथे एकटी राहणार. रोज ठरवायचो, आज सांगतो. तुझा चेहरा बघितला की जीभच रेटायची नाही."

मी रडले. सुटल्यासारखं वाटलं. पाव पुढे केला. त्याने घेतला नाही.

"काल चर्चमध्ये मिसानंतर हुगेतला कोल्ह्याचं विचारलं," तो म्हणाला. "तिच्याकडे कोंबड्याच नाहीत. गेल्या वर्षीच खाऊन टाकल्या. मग म्हणाली, मांजराची टोपलीसुद्धा तू न्यायला आली नाहीस. पियानो मी स्वतः उचलला, फेर्नांद. बरण्या वाटल्यास. तुझा स्कर्ट पिनेवर उभा आहे. आणि माझी बंदूक तू तुझ्या घरी आणलीस."

"ती तुझ्यासाठी —"

"माहितेय. आता मी विचारतो."

आणि विचारलं. माझंच वाक्य. त्याने कुठला वर्ग केला नव्हता, तरी एकदाही अडखळला नाही.

मग गप्प बसला. सुपावर साय धरली. बाहेर अंधार पडला, दिवा लावायला कोणी उठलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

"हो," म्हटलं मी.

दोन्ही बंदुका रोझेरने रात्रीच गावाबाहेर नेऊन ठेवल्या. दुपारी मोद येणार आहे. रोझेर माँट्रियलला फोन करून सांगतोय, इतक्यात येत नाही म्हणून. हुगेत मांजर घेऊन आलीय आणि माझ्या स्वयंपाकघरात मलाच ओरडतेय.