अरुंधती, मुक्काम उम्म अल कुवैन

अल नहदा, शारजा
रविवार, मार्चचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप दत्तप्रसाददादा यांस, सुजीतचा साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं इकडे खुशाल. तू, वहिनी आणि सांगलीचा दवाखाना कसे आहात? गुडघा काय म्हणतो? तू डोळ्यांचा डॉक्टर आहेस याचा या पत्राशी काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हातानं लिहितोय कारण माझा फोन मंजुषा बघते आणि फॅमिली ग्रुपवर अख्खं खानदान बसलेलं असतं. ऑफिसातला नीलेश शुक्रवारी सांगलीला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय.

तर दादा, परवा मी बायकोला अरुंधती दाखवली!

आमचं लग्न तुला आठवत असेल. भर दुपारी साडेबाराला गुरुजी म्हणाले, वधूला अरुंधती दाखवा, आणि मी बोट केलं ते थेट कार्यालयाच्या पंख्याकडे. (मागे उभा राहून तू खिदळलास, त्याचा पुरावा कॅसेटमध्ये आहे.) मंजुषाला भूक लागली होती, तिनं लगेच 'दिसली' म्हणून टाकलं. त्यावर पंचवीस वर्षं सुखानं गेली. यंदा मात्र वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाली, "साडी नको, सोनं नको. तेव्हा मी खोटं बोलले होते. आता खरी दाखवा." आणि दिसल्याशिवाय 'दिसली' म्हणणार नाही, असंही बजावलं. मिठाच्या वाळवंटातल्या आकाशदर्शनाची सहलही तिनंच शोधली, तिनंच बुक केली. माझ्याकडे फक्त अब्रू सांभाळायचं काम राहिलं. महिनाभर बाथरूममध्ये बसून मी फोनवर नक्षत्रांचा अभ्यास केला.

उम्म अल कुवैनच्या पलीकडे आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दादा, काय जागा आहे! बर्फ पडल्यासारखं पांढरंशुभ्र मीठ, आणि त्याला टोक नाही. मला तर इतकं उचंबळून आलं की मी वाकून चिमूटभर चाखूनही पाहिलं. (खारट आहे.) आमची गाईड एमान ही इथलीच अरब मुलगी, अबायाखाली गमबूट घातलेली आणि फर्मास हिंदी बोलणारी. वरची पापडी कडक असली तरी खाली चिखल आहे, तेव्हा सगळ्यांनी माझ्या पावलावर पाऊल टाकत या, असं तिनं तीनदा सांगितलं. टॉर्च बंद, मोबाईल बंद. माझ्या पाठीवर चिवड्याचा डबा होता, तो तेवढा वाजत होता.

सतरंज्या पसरायच्या आतच मला क्षितिजाजवळ एक टपोरा तांबूस तारा दिसला. एमाननं दाखवण्याआधी आपण दाखवावी, या घाईत मी मंजुषाचा हात धरला, बोट केलं आणि म्हणालो, "ही बघ अरुंधती." आमच्या मिहिकानं तिकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, दॅट्स युअर ऑफिस." हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्याच्या टॉवरवरचा दिवा होता तो! अकरा वर्षं मी त्याच्याखाली डबा खातोय. ओशाळून मी चार पावलं बाजूला सरकलो, तर कर्र आवाज झाला आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. एमाननं "यल्ला, सब पकडो" म्हटलं, सहलीतल्या दोन केरळी इंजिनिअरांनी आणि एका फिलिपिनो नर्सनं मला उपटलं. बूट तिथेच राहिला. चिवडा सुखरूप आला, तो सगळ्यांनी मिळून संपवला.

मग एमाननं हिरव्या लेझरनं सप्तर्षी दाखवले. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला अगदी बिलगून ती इवलीशी. तिचे लोक तिला सुहा म्हणतात, आणि पूर्वीचे अरब या ताऱ्यावर माणसाची नजर पारखायचे म्हणे. मंजुषा बराच वेळ मान वर करून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दिसली." तिनं विचारलं, "तुम्हाला?" मीही म्हणालो, "दिसली."

एका बुटात लंगडी घालत परत आलो, पण जमिनीवर नव्हतोच मी. अजून सॉक्समधून मीठ गळतंय. वहिनींना नमस्कार, पोरांना पाठीत धपाटा.

तुझा,
सुजीत

ता. क. सोबत खजूर पाठवतोय. तू गोड खात नाहीस, वहिनींना दे.

ता. क. २. दादा, मला नाही दिसली. वसिष्ठच मुळात केसाळ गोळ्यासारखा दिसत होता. सहा महिने हमरियाहून रात्री परतताना समोरच्या गाडीचे दोन दिवे चार दिसतात. मला भीती वाटते. मे महिन्यात आलो की गुपचूप तपास. मंजुषाला सांगू, आपण आंबे आणायला चाललोय.

ता. क. ३. (अक्षर मंजुषाचं आहे.) भाऊजी, नमस्कार. खजूर भरताना पाकीट उघडं दिसलं. तारा हवा होता कुणाला? सरळ विचारलं की हे 'छान दिसतं' म्हणतात, आणि नजर पारखण्याची ती गोष्ट सहलीच्या जाहिरातीतच छापली होती. 'दिसली' म्हणाले तेव्हा मान वर नव्हतीच यांची, माझ्याकडे बघत होते. मला मात्र खरंच दिसली हो, आणि यांना दिसेपर्यंत मी तिथे परत परत नेणार आहे. कालपासून रात्रीची गाडी मी चालवते, प्रॅक्टिस हवी म्हणून सांगितलंय. तुम्ही यांना खुशाल आंब्यांना म्हणून घेऊन या. एकोणीस मेची अपॉइंटमेंट मी तुमच्या कंपाउंडरकडून मागच्याच महिन्यात घेऊन ठेवली आहे.