मागे घेतलेला पाय

गोंदिया,
शनिवार, २८ मार्च

ती. शामकलाताईस,

देवानंदचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही असाल असे धरून चालतो. आमच्या टीनाची परीक्षा सुरू आहे. रेणूची कंबर पुन्हा धरली होती, आता बरी आहे. उन्हाळी धानाला बोदलकसा तलावाचे पाणी मिळाले का?

फोन केला असता, पण फोन जिजाजींच्या खिशात असतो आणि त्यांच्याशी आत्ता काय बोलावे ते मला सुचत नाही. म्हणून ही चिठ्ठी भैय्यालालच्या हाती देतो. तो तुमच्याकडची मासोळी घेऊन रोज इथल्या बाजारात येतोच. कागदाला वास आला तर त्याला बोल.

हिमांशूचे विज्ञानाचे पुस्तक माझ्याकडे राहिले, तेही पाठवत आहे. त्याची वार्षिक परीक्षा तोंडावर आहे. त्याला म्हणावे, दहावे प्रकरण सोडू नको.

कालचे लिहितो. फादर लकडांनी यंदा त्याला आमच्या मिशन शाळेच्या सेवा गटाचा प्रमुख केले, हे तुला ठाऊक आहे. दर शनिवारी मी ह्या मुलांना वृद्धाश्रमात नेतो. म्हाताऱ्यांची पायाची नखे कापायचे काम कोणी घेत नव्हते, ते ह्याने घेतले. आधी कोमट पाण्यात पाय भिजवायचे, मग कापायची, ही युक्तीही त्याचीच. फादरांना ते फार आवडले. त्यांच्यात ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. चर्चमध्ये फादर धुतातच. यंदा ते म्हणाले, शाळेच्या अंगणात गटातली मुले बारा मोठ्या माणसांचे पाय धुतील.

काल त्याची तालीम होती. बारांपैकी एका खुर्चीवर मी होतो. समोर तांब्या घेऊन हिमांशू आला. आपल्यात मामाने भाच्याच्या पाया पडायचे, भाच्याला आपल्या पायाला हात लावू द्यायचा नाही, हे तुला मी काय सांगावे. मी पाय मागे घेतला. कोणताही मामा घेईल.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि तो आपल्या समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. संध्याकाळी जिजाजी मोटारसायकलवर आले आणि आमच्याकडून पोराला सामानासकट घेऊन गेले. दहावीला तिरोड्याच्या शाळेत घालतो म्हणाले. ते बाप आहेत, त्यांचा अधिकार आहे. गुरुवारचा कार्यक्रम त्याच्याशिवाय होईल. काळजी नसावी.

तुझा धाकटा भाऊ,
देवानंद


गोंदिया,
सोमवार, ३० मार्च

ताई,

भैय्यालाल आज शाळेच्या फाटकाशीच आला आणि चपराशी ऐकत असताना मोठ्याने म्हणाला, "मास्तर, बाईनं सांगतलन, अशी चिठ्ठी त शाळेतून येते, उद्या सुट्टी आहे म्हणून. पोरगं घरी आलं तवापासून बोलून नाई राहिलं. खरं काय झालं ते लिव्ह म्हणे, आन लंबं लिव्ह म्हणे."

"लिहितो," मी म्हटले.

"लिवा, पण मी का पोस्टमन होय? टोपलीत आधीच जागा नाई."

शनिवारची चिठ्ठी खोटी नव्हती. एकेक वाक्य मी तपासून लिहिले होते. आता वाटते, इतके तपासावे लागले तिथेच काहीतरी चुकत होते.

हिमांशूने माझ्या उजव्या पायावर पाणी घातले तेव्हा मी पाय मागे घेतला नाही. ऐकतेस ना? पाणी पडले, त्याने टाचेवरून हात फिरवला, वृद्धाश्रमात फिरवतो तसाच, आणि मी बसून राहिलो. रीत तेव्हाही होतीच. मला आठवतही होती. पण मी मनात म्हटले, असू दे.

मग मी वर पाहिले. व्हरांड्यात दुर्गाप्रसाद उभा होता. पालक समितीवर आहे, त्याचे हार्डवेअरचे दुकान आहे, आपल्या समाजाचाच. हातात मोबाइल, माझ्यावर धरलेला. तेव्हा मी पाय असा ओढला की तांब्या कलंडून सगळे पाणी पोराच्या पँटवर गेले. आणि मी ओरडलो, "आमच्यात हे चालत नाही! कोणी शिकवलं तुला हे?" ताई, ते मी हिमांशूला म्हणालोच नाही. मोबाइलला ऐकू जावे म्हणून म्हणालो. आणि म्हणताना फादरांकडे पाहिले. व्हिडिओ नीट बघ, दिसेल. मास्तर भाच्याकडून मिशनच्या अंगणात पाय धुवून घेतो, पोराला ख्रिस्ती करायला निघाला, असे कोणी म्हणायच्या आत मी ते दुसऱ्याच्या अंगावर टाकून मोकळा झालो.

फादरांनी कोणालाही काही शिकवले नव्हते. कोणी कोणाचे पाय धुवायचे, त्यासाठी मुलांनी नावांच्या चिठ्ठ्या उचलल्या होत्या. हिमांशूला दुसरे कोणी आले होते. त्याने चिठ्ठी परत केली आणि माझे नाव मागितले. हे मला तालमीनंतर कळले. फादर म्हणाले, "सर, उसने कहा था, मामा हर दिवाली सबके सामने मेरे पैर पड़ते हैं, मुझे शरम आती है. एक बार मैं उनके धो लूँ. मुझे आपके रिवाज का पता नहीं था, पूछ लेना चाहिए था. माफ करना." माफी त्यांनी मागितली! मी "कोई बात नहीं" म्हणालो आणि स्कूटर काढून घरी आलो.

ह्याहून वाईट पुढे झाले. मला शाबासकी मिळू लागली. ज्यांनी वर्षभरात फोन केला नव्हता त्यांचे फोन आले. मास्तर खरे निघाले, मिशनमध्ये राहून रीत सोडली नाही. मी प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होतो. रेणू भाजी चिरता चिरता म्हणाली, "कायले धन्यवाद म्हणून राहिले तुमी? पोराची पँट भिजवली म्हणून?"

हिमांशूची माफी मागायची तर कशी? पाया पडू? ते मी दर दिवाळीला पडतोच, त्यात माझे काय जाते? लोक उलट आणखी वाहवा करतील. माझे काही जाईल असे एकच उरले आहे, त्याच्यासमोर पुन्हा बसून त्याला पाय देणे. तरी मनात येते, हेही मी मला बरे वाटावे म्हणून तर करत नाही ना? दोन दिवस तेच उलटेपालटे करून पाहतो आहे. गुरुवार जवळ येतो आहे.

म्हणून तुला विचारतो. तू त्याची आई. भाच्याकडून पाय धुवून घेतले तर पाप मामाला लागते म्हणतात. तुमच्या घरालाही लागते का, मला माहीत नाही. तू नको म्हणालीस तर मी खुर्चीवर बसणार नाही. पण हिमांशूला येऊ दे. काम त्याचे आहे. आणि माझ्या ओरडण्यापायी त्याची शाळा सुटू देऊ नकोस.

समाजाच्या ग्रुपवर आज मी लिहिणार आहे. पाय रीत म्हणून नाही, मोबाइल दिसला म्हणून मागे घेतला, आणि फादरांचा ह्यात काही हात नाही, एवढेच. जिजाजी वाचतील. त्यांना आधी तू सांगितलेस तर बरे, नाहीतर राहू दे.

तुझा
देवानंद


गोंदिया,
गुरुवार, २ एप्रिल, संध्याकाळ

ताई,

तुझा निरोप भैय्यालालने भर बाजारात, मासोळी तोलता तोलता सांगितला. "बाई म्हणे, खुर्चीवर बस म्हणा. पाप लागन त आपण दोघं बहीणभाऊ वाटून घेऊ." गिऱ्हाईक हसले. मला तिथून हलवेना.

ग्रुपवर लिहिले, त्याचे व्हायचे ते झाले. एकाने विचारले, "मास्तर, आता देवानंद म्हणाचं का डेव्हिड?" त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. दुर्गाप्रसादने फोन केला, "सर, मी त तुमची इज्जत वाढवली होती, तुमीच उतरवली." जिजाजींचे काहीच आले नाही. काल दिवसभर मी फोन उघडून पाहत होतो. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिताही पाहिला, मुलांसमोर.

आज चार वाजता फाटकाशी मोटारसायकल थांबली. हिमांशू उतरला आणि माझ्याकडे न बघता सरळ आत गेला. जिजाजी दुपट्टा तोंडाला बांधून तिथेच उभे. मी गेलो.

"वाचलं तुझं," ते म्हणाले. "चौकात एकानं पढून दाखवलं. सारे हासले."

"माझ्यामुळे तुम्हाला ऐकावं लागलं."

"हासू दे. तुझी बहीण दोन दिस झाले मले जेवण वाढून बोलत नाई, ते जास्त झालं." मग फाटकातून आत बघत, "काम पोराचं आहे, करू दे. मी आत नाई येत. इथूनच पाहतो."

अंगणात बारा खुर्च्या मांडल्या होत्या. झाडूवाली मंजूबाई, गाडी चालवणारा कैलाश, वृद्धाश्रमातले दोघे, आम्ही शिक्षक. मी शेवटच्या खुर्चीवर, चपला काढून. मुले गाणे म्हणत होती. ह्या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या, प्रमुख म्हणून सगळ्यांचे पाय हिमांशूच धुणार होता; त्याने पलीकडून सुरुवात केली. वृद्धाश्रमातल्या सुकरामबाबाचे पाय त्याने इतक्या सावकाश धुतले की फादरांनाही मान खाली घालावीशी वाटली असावी, त्यांनी घातली. मंजूबाई सारखी म्हणत होती, "राहू दे बेटा, राहू दे," आणि पाय मात्र तिने पुढेच केले होते.

मग तो माझ्यासमोर आला. गुडघ्यावर बसला. मी पाय पुढे केला. ताई, मी सगळ्याची तयारी केली होती, पापाची, लोकांच्या हसण्याची, जिजाजी फाटकातून बघत आहेत त्याची. त्याने तांब्या खाली ठेवला आणि माझ्या एकट्यालाच ऐकू येईल असे म्हणाला, "मामा, आज नाई. मले अजून राग येऊन राहिला. रागात मी कोणाचे पाय नाई धुवत."

मी म्हटले, "बरं."

तो उठला. गटातला एक मुलगा आपणहून तांब्या उचलायला पुढे आला, त्याला मी मानेने नको म्हटले. गाणे संपेपर्यंत तसाच बसलो. लोकांना वाटले असेल, रीत पाळली. वाटो. ह्या वेळी मी कोणालाही काही समजावून सांगणार नाही.

जाताना तो फादरांना म्हणाला, "सोमवारपासून येतो." मला नाही, फादरांना. जिजाजींनी ऐकले आणि मोटारसायकलला किक मारली. नाही म्हणाले नाहीत.

वर्षभर ह्या मुलांना मी सेवेवर बोलत आलो, पण राग असताना हात लावायचा नाही हे त्याला मी शिकवले नव्हते. ते त्याचे त्याने कुठून आणले, कोण जाणे. तुझ्याकडून असेल.

रेणूने त्याची खाट झटकून ठेवली आहे. ती म्हणते, "आज नाई म्हणाला, कधीच नाई असं कुठं म्हणाला?" मी त्याचा तसा अर्थ लावत नाही. तो जेवढे म्हणाला तेवढेच माझे.

अजून पाय पुढे करून बसलेला,
तुझा भाऊ
देवानंद