आई, तुले माहीत होतं

आई,

मी वर्ध्याले मावशीकडे बरी आहो. पण नर्सिंगची शिष्यवृत्ती मले नाई भेटली. कॉलेजातल्या मॅडम सगळ्या पोरींसमोर म्हणाल्या, "रक्षा, तुझ्या घरचं उत्पन्न मर्यादेच्या वर आहे. गरजू मुलींचा हक्क का घेतेस?"

मी म्हटलं, सिंदीत आमचं फक्त कापडाचं लहानसं दुकान आहे. तवा त्यांनी सांगितलं, कारंज्याचा हायवेवरचा ढाबाही बाबांच्याच नावावर आहे.

मी बाबांले फोन केला. ते सरळच बोलले, "तो तुझ्या भावासाठी आहे. त्याचा पैसा पोरीच्या शिक्षणात काऊन घालू?" त्याचं मले एवढं नाई वाटलं. पण मागून तुझा आवाज आला, "अहो, तिले काऊन सांगून राह्यले?"

म्हणजे तुले माहीत होतं. फीचं नाव काढलं का तू डोळ्याले पदर लावायची. "पैसा असता तं दिला नसता का, बाई?" म्हणायची, अन् मीच तुले समजावत बसायची.

आता मी एका दवाखान्यात काम धरलं. पुढच्या वर्षीची फी मीच भरीन.

हे पत्र मी टाकत नाई. बाबा उघडून वाचतील, अन् बोलणं तुले खावं लागंल. ते मले अजूनही पाहवत नाई.

तुझीच,
रक्षा