भर बाजारातून आणलेली लेक

ॲन आर्बर
१९ नोव्हेंबर २००६

ती. विनयदादास,
सा. न. वि. वि. नमस्कार सवयीनं लिहिलाय, आज मनातून आलेला नाही.

फोन केला की तू ड्राइव्ह करत असतोस, ईमेल केली तर ‘ओके, नंतर बोलू’ एवढंच येतं. म्हणून कागदावर लिहितेय. तुमच्या तिकडच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकातला आजीवरचा तुझा लेख बसमध्ये वाचला आणि रागाच्या भरात माझा स्टॉप मागे गेला. तू लिहितोस, आजीचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. दादा, ती बांधावरून हाक मारायची तेव्हा ओढ्यापलीकडची गुरं माना वर करायची. मिश्री लावता लावता ती ग्रामसेवकाला ज्या शिव्या द्यायची, त्या आपण माळ्यावर बसून पाठ करायचो. तुझ्या लेखातली बाई सोशिक, शांत, त्यागमूर्ती. एक्क्याण्णव वर्षं जगून कृष्णाआजीनं हेच मिळवलं का?

तेही एक वेळ सोडून देईन. पण ‘थोरली कन्या वसुधा हिने आजन्म अविवाहित राहून मातेची सेवा केली’ हे वाक्य तुझ्या हातून उतरलं कसं? मावशीचं लग्न झालं होतं, नवरा मारायचा आणि आजीनं तिला घरी आणलं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वर तू तो अंक गावी पाठवलास. रविवारी मी फोन केला तर मावशी घ्यायला आली नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, अंक वाचल्यापासून ती कुणाशी बोलत नाही.

दुरुस्ती छापून आण. सुवर्णावहिनीला नमस्कार, रुचाला पापा. लोभाचं दुरुस्तीनंतर बघू.

आश्लेषा

---

सनीव्हेल
२८ नोव्हेंबर २००६

चि. आश्लेषास,
अ. आ. रागावता मलाही येतं, हे तू विसरलेली दिसतेस.

लेख लिहिण्याआधी मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, वसुधाताईचं ते प्रकरण नको. तुला ठाऊक नसेल, त्या प्रकरणापायी आईची ठरत आलेली स्थळं मोडली. बहीण माहेरी आणून बसवलीय हे कळलं की माणसं चहा अर्धा टाकून उठायची. आजीच्या सख्ख्या भावानं स्वतःच्या मुलीच्या लग्नाला तिला बोलावलं नाही. हे आईनं सोसलं, तू नाहीस. आता या वयात ते तिला छापून वाचायला देऊ? शिवाय इथे मंडळात सगळे एकमेकांना ओळखतात, सुवर्णाच्या माहेरची माणसं आहेत. मी मावशीची अब्रूच झाकली. मिशिगनच्या बर्फात बसून मला धाडस शिकवू नकोस. दुरुस्ती छापणार नाही.

थंडीत नीट कपडे घालून बाहेर पड. चिडलो तरी काळजी वाटायची राहत नाही.

तुझा दादा

---

बोरगाव
१४ डिसेंबर २००६

चि. विनय यास,
वसुधामावशीचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. म्हैस व्याली, रेडी झाली.

तुझा लेख वाचला. कागद चांगला गुळगुळीत आहे. मी अविवाहित नाही, विनय. माझं लग्न सतराव्या वर्षी झालं. पुढे एकदा बांगड्या भरणारा कासार आईला सांगून गेला, की तुमच्या लेकीच्या हातात बांगडी चढत नाही, मनगट सुजलंय. आईनं स्वतः बैल जुंपले आणि भर दुपारी माझ्या सासरच्या दारात गाडी उभी केली. सासरा म्हणाला, न्यायचीच तर अंधार पडल्यावर न्या, गावात शोभा नको. आई म्हणाली, लेक माझी आहे, चोरीचा माल नाही. बाजाराचा दिवस होता. तिनं गाडी बाजारातूनच हाकली. मी खाली बघत होते, तर हनुवटी धरून माझी मान वर केली. नंतर भावकीतली माणसं समजूत घालायला आली. आई धार काढत होती, ती उठलीच नाही. बसून बसून माणसं गेली.

तुझ्या आईनं सोसलं ते मी विसरले नाही. तिचं पहिलं स्थळ मोडलं तेव्हा मी परत सासरी जाते म्हणाले होते. आईनं आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, एकीला बुडवून दुसरीला तारायची नाही.

आश्लेषानं कळवलं, तू माझी अब्रू झाकलीस म्हणे. कुणी सांगितलं होतं? सासऱ्याला जो अंधार हवा होता, तो आईनं होऊ दिला नाही. तो तू केलास. मी आईच्या सेवेसाठी राहिलेली नाही. मी आईनं आणलेली आहे. तसं लिही, नाहीतर माझं नाव काढून टाक.

रुचाला आशीर्वाद. तुझ्यावर माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

वसुधामावशी

---

सनीव्हेल
११ फेब्रुवारी २००७

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण नुसती माफी लिहायची नव्हती.

संपादक म्हणाले, दुरुस्ती पुढच्या दिवाळीला, तीही जागा उरली तर. मग मी आईला फोन केला आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, सांगायचंच असेल तर माझी स्थळं मोडली तेही सांग. म्हणून संक्रांतीच्या कार्यक्रमात मी वेळ मागून घेतला आणि कासारापासून धारेपर्यंत सगळं सांगितलं. खाली उतरलो तर मंडळाचे जुने कार्यकर्ते मोरेश्वरकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, घरातली घाण स्टेजवर आणू नये, पुढे लेकीबाळी बसल्या होत्या. मला इतका राग आला की हातातला तिळगूळ चुरला. मी म्हणालो, त्यांच्यासाठीच सांगितलं.

त्या लेकीबाळींत देवयानी नावाची मुलगी होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नागपूरची, अजून वर्षही झालेलं नाही. जाताना तिनं सुवर्णाकडे आमचा फोन नंबर मागितला, कशाला ते सांगितलं नाही. परवा तिचा फोन आला. आम्ही दोघं जाऊन तिला घेऊन आलो. सध्या ती रुचाच्या खोलीत आहे. मोरेश्वरकाका समजूत घालायला फोन करतात. सुवर्णानं त्यांना सांगितलं, पुन्हा केलात तर मी मंडळात येऊन बोलेन, तेही माइकवर.

पण देवयानीची आई तिकडून रडते आणि म्हणते, जुळवून घे, परत जा. त्या माउलीला काय सांगावं हे आम्हाला कळत नाही. पत्ता सोबत लिहिलाय. मावशी, तू त्यांना लिहिशील का?

माझ्यावरचा राग हवा तितके दिवस ठेव, पण ते पत्र आधी टाक.

तुझा
विनय