वालाचा भुसा कुंडलिककाकांचा

मी, दामिनी कमळाकर भोईर, वय ४६, शिक्षण बी. ए., राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वहस्ते लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया आहे. मी अविवाहित आहे.

१. घरातील माझा हिस्सा व बँकेतील ठेव भाऊ शेखर याची मुलगी कुणाली हिला. बिरड्याचे वाल सोलायला ती कंटाळते. त्यावरून तिला टोमणे मारू नयेत.

२. माझ्या रोजनिश्या न वाचता जाळाव्यात. त्यांत शेखरविषयी लिहिलेले सगळेच न्यायाचे असेल, याची मला खात्री नाही.

३. ओढ्याकाठचे शेत माझ्या नावावर आहे, कसतो शेखर. तेही कुणालीला, पण एका अटीवर. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आम्ही वाल पेरतो. नांगर आणि बैल शेजारच्या कुंडलिककाकांचे. मजुरी त्यांनी कधी घेतली नाही. दाणे आमचे, झोडणीनंतरचे वेल व भुसा त्यांच्या बैलांना, असे वडिलांनी ठरवलेले. वडील वारले आणि गेल्या फाल्गुनात शेखरने भुसा तबेलेवाल्याला विकला. काका गाडी जुंपून खळ्यावर आले.

"शेखर, भुसा कुठं रे?"

"विकला. तुमचा हाय असा कागद हाय काय?"

"तुझ्या बापाचा शब्द व्हता."

"मग बापाकडं मागा."

काका रिकामी गाडी घेऊन परतले. यंदा त्यांचा नांगर आला नाही. वाल पेरलेच नाहीत.

म्हणून हा कागद: या शेतात वाल पिकेल तोवर भुसा कुंडलिककाकांचा.

काल हे सांगायला त्यांच्याकडे गेले. त्यांना बरे वाटेल असे वाटले होते.

"बैलाच्या चाऱ्याला पण शिक्का लागतो काय गो? तुझा बाप बोलायचा, मी ऐकायचो. एवढंच व्हतं आमचं. मला नाय पायजे कागदाचा भुसा."

लिहून ठेवल्याने शब्द पक्का होतो की संपतो, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

४. काकांना नांगरणीला बोलवायला शेखरने स्वतः जावे. ही अट नाही, विनंती आहे. अटीने आलेला माणूस काका ओळखतील.

५. काकांनी नाकारले तरी कलम ३ कायम राहील. झोडणी झाली की कुणालीने भुसा त्यांच्या गोठ्याशी नेऊन टाकावा. हा कागद दाखवू नये. "आजोबांनी सांगितलंय," एवढेच म्हणावे.

वरील मजकूर वाचून, मान्य करून सही केली.

सही: दामिनी कमळाकर भोईर

आमच्यासमक्ष सही झाली:
१) अनिता देसले, मुरबाड
२) ऋतिक घुडे, वैशाखरे

वैशाखरे, १२ डिसेंबर २०२४