थोरलीच्या जांघेतली गाठ

सूनबाईस सासूचा आशीर्वाद. ओली बाळंतीण आहेस, उगाच उठबस करू नकोस.

थोरलीचं हर्नियाचं ऑपरेशन उद्या सकाळी आहे. डॉक्टरीणबाईंनी आज तपासायला तिचं थोडं जास्तीचं रक्त मागितलं. मी म्हटलं, "एवढ्याशा पोरीचं किती काढता?" त्या म्हणाल्या, "आजी, लोखंडाला गंज चढतो तसा या दुखण्याचा अंगावर आतून ताण येतो. आमच्या अभ्यासासाठी तो ऑपरेशनआधी आणि नंतर रक्तात मोजून बघतोय." मी संमतीच्या कागदावर वेडीवाकडी सही केली. पोरगी माझं बोट धरून होती, रडली नाही.

गाठीची जागा जन्मतःच कच्ची होती म्हणे. तू पोरीला रडवलंस म्हणून गाठ आली, असं मी चारचौघांत बोलले. चुकले. चारचौघांतच सांगेन.

धाकटी रडली तर जीव मुठीत धरून धावू नकोस. आधी घास संपव.

तुझी सासू